बुरूज नको, दरवाजा उघडा

8 मार्च जवळ आला, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून नोकरी करणाऱ्या आईवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. रविवारीच आठवड्याच्या साड्या इस्त्री करून, जुळणाऱ्या ब्लाउजसकट घडी घालून ठेवा. भाजी रात्रीच निवडून-चिरून ठेवा. सकाळी घरातल्यांच्या आधी तासभर उठा. कामाचा ताण चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवा. मुलाला कमी वेळ देता आला तरी चालेल, पण चांगला वेळ द्या. आणि हे सगळं करताना स्वतःकडे दुर्लक्ष करू नका, प्रसन्न दिसा! शेवटी कौतुकाचं वाक्य ठरलेलं असतं: घर आणि नोकरी ही तिची तारेवरची कसरत आहे.

दोरीवर चालणाऱ्या पोरीचा खेळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खाली ढोल कोण वाजवतं, थाळी कोण फिरवतं, हे तिथं निदान उघड दिसतं. आपल्या कौतुकात मात्र तार कोणी बांधली हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तारेवर नीट कसं चालावं याचेच धडे दिले जातात.

मी शिक्षिका आहे, देऊळघाटला राहते. बुलडाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं हे गाव. मराठी आणि उर्दू दोन्ही कानांवर पडतात. इथं कामावर जाणारी आई म्हणजे पर्स अडकवून एस.टी. धरणारी मॅडम एवढंच नाही. कापूस वेचायला जाणारी आहे, सोयाबीन सोंगायला जाणारी आहे, घरी बसून ब्लाउज शिवणारी आहे, अंगणवाडीची सेविका आहे, आशा आहे, शाळेत खिचडी शिजवणारी आहे. पुरवणीतला सल्ला यातल्या पगारदार बाईशीच बोलतो, आणि तिच्याशीही खोटं बोलतो. काय नेसू, पोराला कुणाजवळ ठेवू, आज रजा टाकू की तापातच त्याला सोडून जाऊ, हे बाईच्या नियोजनाचे प्रश्न आहेत असं तो सांगतो. माझं म्हणणं असं, की हे तिचे प्रश्नच नाहीत. कायद्यानं, कामाच्या जागेनं आणि घरातल्या पुरुषानं जे करायचं सोडून दिलं, ते तिच्या पदरात टाकून त्याला तिची 'द्विधा' असं नाव दिलं आहे.

हिरकणीची गोष्ट घ्या. ही आख्यायिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली असते. रायगडाच्या पायथ्याच्या वाडीतली ही गवळण गडावर दूध घालायला जाते. कोजागिरीच्या दिवशी तिला उशीर होतो, दरवाजे बंद होतात. घरी तान्हं बाळ आहे. पहारेकरी दरवाजा उघडत नाहीत, आणि ती अंधारात कडा उतरून घर गाठते. दुसऱ्या दिवशी महाराजांना कळतं, तेव्हा ते साडीचोळी देऊन तिचा गौरव करतात आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतात. तो हिरकणी बुरूज.

गोष्ट सांगून झाली की आपण म्हणतो, बघा आईचं काळीज! माझ्या वर्गात एकदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, बाळापाशी घरी कोण होतं?" साऱ्या गोष्टीत हा एकच प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि तो कुणी विचारत नाही. हिरकणी ही कामावर गेलेली आई होती. कामाची सुटायची वेळ आणि तान्ह्याच्या दुधाची वेळ जुळत नव्हती. बुरुजाचं काम झाल्यावर तो कडा कायमचा बंद झाला. गडाच्या रक्षणासाठी ते बरोबरच होतं, राजाशी माझं भांडण नाही. माझं भांडण गोष्ट सांगणाऱ्यांशी आहे. त्यांना साडीचोळी आठवते, बुरूज आठवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा गडावर अडकली तर तिनं काय करायचं, याचं उत्तर गोष्टीत नाही, आणि आजही ते कुणाकडे नाही.

एस.टी. स्टँडवर आणि सरकारी कचेऱ्यांत आता 'हिरकणी कक्ष' असतात. अंगावरच्या मुलाला पाजायला आडोसा हवा, सोय गरजेची आहे. पण गंमत बघा, मूल सोबत असलेल्या बाईसाठी तो कक्ष आहे. हिरकणीचं मूल तिच्या सोबत नव्हतं, घरी होतं. तिचं नाव घेतलं आणि तिचा प्रश्न तेवढा सोडून दिला.

साडीचोळीची परंपरा मात्र अखंड चालू आहे. 2023 साली राज्य सरकारनं अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला एक साडी द्यायची योजना काढली. अंगणवाडीच्या बाईला गणवेशाची साडी. आणि 15 मार्च 2024 ला शाळांतल्या शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासनानं सूचना काढल्या: शिक्षिकांनी साडी, किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा घालावा. शिक्षकांनी शर्ट खोचून पँट घालावी. जीन्स, टी-शर्ट नको. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. बाईला मान द्यायचा तर साडी, आणि शिस्त लावायची तरी साडी!

साडीशी माझं वैर नाही. मी रोज साडी नेसते, आवडीनं नेसते. आमच्या आज्यांनी काष्टा मारलेल्या लुगड्यात विहिरी खणल्या, धान्य उपणलं, झाडावर चढल्या. हिरकणीही लुगड्यातच कडा उतरली असणार. लुगडं हे कष्टाचं वस्त्र होतं. पुढं आपण पाचवारी गोल साडी सभ्य ठरवली आणि लुगडं गावंढळ. म्हणजे 'शोभतं' काय हे कामाच्या सोयीवरून कधी ठरलंच नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरलं.

गडद आणि नक्षीचा कपडा नको, ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांच्या खांद्यावर कधी मूल ओकलेलं नसावं. घरी सात-आठ महिन्यांचं बाळ असलेली बाई मुद्दाम गडद, बारीक फुलाफुलांचं कापड निवडते, ते नटण्यासाठी नाही. दूध पाझरून ब्लाउज ओला होतो तो फिक्या रंगावर दिसतो, गडद छापावर लपतो. वरणभाताचे हात, खडूची धूळ, मासिक पाळीची धास्ती, या सगळ्यावर आमच्या बायकांनी शोधलेलं उत्तर म्हणजे गडद छापाची साडी. एका प्रशिक्षणात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सात महिन्यांचं लेकरू दूर गावी सासूजवळ सोडून आलेली एक शिक्षिका दुपारनंतर पदर छातीशी घट्ट ओढून बसली होती. तिला साहेबांनी चारचौघांत ऐकवलं, "मॅडम, जरा नीटनेटकं येत जा." तिला घरी जाऊन बाळाला पाजायला दोन तासांची सवलत द्यावी, हे मात्र त्यांना सुचलं नाही. कपड्यावरचा डाग दिसला, त्यामागचं मूल दिसलं नाही.

आता गावाच्या शिवारात चला. कापूस वेचणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. बोंडाच्या टोकदार सालींनी हात ओरबाडतात, ऊन लागतं, फवारलेलं औषध अंगाला लागतं, म्हणून. मी एकीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "मॅडम, अन् शर्टाले खिसा असते!" खिशात तंबाखूची पुडी, दहा-वीस रुपये आणि आता मोबाईल. बाईच्या कपड्याला खिसा नसतो. आमच्या आज्यांनी त्यावर कमरेच्या चंचीचा तोडगा काढला होता. चंची गेली, खिसा आला नाही. शेतातल्या त्या शर्टाबद्दल मात्र कुणी सूचना काढत नाही. तिथं संस्कृती बुडत नाही, कारण तिथं बघायला कुणी येत नाही.

आणि शेजारच्या भाभी. घरी मशीनवर गावभरच्या बायकांचे ब्लाउज शिवतात. माल आणायला बुलडाण्याला जाताना बुरखा घालतात. त्यांना एकदा एक शहाणी बाई म्हणाली, की तुम्ही बुरखा काढलात की सुटलात. भाभींनी शांतपणे विचारलं, "काढते. मग पोरगी कोण बघेल?" साडीतली मी, शर्टातली ती आणि बुरख्यातल्या भाभी, आम्हा तिघींच्या अंगावर काय आहे यावर चर्चा करायला सगळे तयार असतात. आमच्या कडेवर कोण आहे, ही चर्चा आली की बैठक संपते.

म्हणून आता कडेवरचंच बोलू, आणि हिशेबानं बोलू.

1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि संघटित क्षेत्रातल्या बाईची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. सहा महिने. चांगलं झालं, त्यासाठी चळवळीनं वर्षानुवर्षं भांडण केलं आहे. दुसऱ्या बाजूला अंगणवाडी. मूल तिथं बसायला लागतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. त्याआधी, सहा महिने ते तीन वर्षं, त्याच्या नावानं घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाही. म्हणजे एका दाराशी सहा महिने लिहिले आहेत आणि दुसऱ्या दाराशी तीन वर्षं. मधले तीस महिने कुणाचे? रांगायचे, पडायचे, तोंडात खडे घालायचे, ताप येण्याचे हेच ते तीस महिने. हे कुणाच्याच कागदावर नाहीत. रायगडाचा बंद दरवाजा म्हणतात तो हाच.

आणि ही झाली पगारी बाईची गोष्ट. शेतमजूर बाईला सहा महिनेही नाहीत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये द्यायचं वचन दिलं. 2017 साली मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती आणि 5000 रुपयांची. 2022 पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000. या पैशांत बाई किती दिवस घरी बसेल? कापसाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही.

पाळणाघराचा कायदा नाही असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात तो होता. 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचीच अट आहे. आता सांगा, देऊळघाटसारख्या गावात पन्नास माणसं कुठल्या एका छपराखाली काम करतात? दोन शिक्षकी शाळेला हा कायदा लागू नाही, चार बायांच्या वेचणीच्या टोळीला नाही, भाभींच्या मशीनला नाही. पन्नासचा आकडा गावाच्या वेशीबाहेर थांबतो. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. फार शहाणी तरतूद होती. पण मी पाहिलेल्या एकाही कामावर अशी नेमलेली बाई मला दिसली नाही. झाडाला बांधलेली झोळी दिसली.

लोक म्हणतात, गावात कशाला हवं पाळणाघर? घरात माणसं असतात. बरोबर आहे. पाळणाघर नसलेल्या गावातही पाळणाघर असतंच. त्याचं वय नऊ-दहा वर्षांचं असतं, ते फ्रॉक घालतं आणि त्याचं नाव माझ्या हजेरीपटावर असतं. वेचणी सुरू झाली की त्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात. घरी गेलं तर पोरगी धाकट्या भावाला कमरेवर घेऊन दारात उभी असते. आई सकाळीच शेतात गेलेली. पोरगी म्हणते, "मॅडम, बाबूले कोणाजवळ ठेवू?" आईचा प्रश्न एका पिढीनं खाली सरकलेला असतो. दिवाळीनंतर ती वर्गात येते तेव्हा भागाकार पुढं गेलेला असतो. पुढच्या वर्षी आणखी मागं पडते, मग 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून थांबवली जाते, मग लग्न, मग तिचंही मूल. मुलींच्या गळतीवर आम्ही शिक्षक किती अहवाल भरतो! त्यात 'पाळणाघर' हा रकानाच नसतो.

आणि ही साखळी आम्हा पगारदार बायांच्या घरातूनही जाते. माझं मूल सांभाळायला मावशी यायच्या म्हणून मी शाळेत उभी राहू शकले. मावशींचं लेकरू त्यांच्या थोरल्या मुलीजवळ असायचं. प्रत्येक बाईनं आपापल्या ऐपतीप्रमाणे आपल्याहून गरीब बाई शोधायची आणि सगळ्यांत शेवटी एक शाळकरी पोर उभी असायची, ही काही व्यवस्था नव्हे. कितीही भाज्या रात्री चिरून ठेवल्या तरी ही साखळी तुटत नाही.

यावर उपाय शोधायला परदेशी जायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि नंतर कोसबाडला हे काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण थोरली धाकट्यांना सांभाळतात आणि गुरं राखतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आयांना उपदेश केला नाही. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली आणि 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. ताराबाई स्वतः पतीपासून वेगळ्या झालेल्या, एका मुलीला घेऊन नोकरी करणाऱ्या आई होत्या. मुलांच्या अंगणात जाणारी अंगणवाडी ही त्यांचीच कल्पना, आणि 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ते नाव देशभर गेलं. नाव गेलं, पाळणाघर गेलं नाही.

ज्या बाईच्या हाती आपण गावाची मुलं दिली तिला आपण काय म्हणतो? सेविका. दुसरीला मदतनीस. त्यांना मिळतं ते मानधन. पुन्हा मानच! ऑक्टोबर 2018 पासून केंद्रानं सेविकेच्या मानधनातला आपला भाग 3000 वरून 4500 रुपये केला, हीच मोठी बातमी झाली होती. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडीच्या बायांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीसांना पन्नासच्यावर दिवस संपावर बसावं लागलं. मूल सांभाळणं हे कामच नाही, तो बाईचा स्वभाव आहे, या समजुतीचा हा रोख हिशेब आहे. आईला ते फुकट करायला लावायचं आणि सेविकेला जवळजवळ फुकट. 2022 पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं म्हटलं आहे. दिशा बरोबर आहे. पण तेच मानधन ठेवून त्याच बाईवर दिवसभराच्या तान्ह्या मुलांचा भार टाकणार असाल, तर तो एका बाईचा प्रश्न दुसरीच्या डोक्यावर ठेवणं होईल.

आता घरात येऊ. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत बाईची मिनिटं 289 झाली, पुरुषाची 88. बाईची दहा मिनिटं वाचली, ती पुरुषानं उचलली असं समजू नका. त्यानं आपलीही नऊ कमी करून घेतली! आणि हे झाले घरकामाला हात लावणारे पुरुष. 2019 मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीस होते. बाकीच्यांचा हिशेबच नको.

पुरोगामी घरातला नवरा म्हणतो, "मी तिला मदत करतो." स्वतःच्या मुलाला आंघोळ घालणं ही बायकोला मदत कशी? बँकेत गेल्यावर कुणी आपल्याच खात्यात पैसे भरून मॅनेजरला म्हणतं का, की मी तुम्हाला मदत केली? शासनाचीही समजूत हीच आहे. 2018 साली राज्य सरकारनं आपल्या नोकरीतल्या स्त्रियांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. केव्हा? पत्नी हयात नसेल तर, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तर. पुन्हा वाचा. या राज्यात बापाला मूल सांभाळायला रजा हवी असेल तर आधी बायको मरावी लागते. ती चालती-फिरती असेपर्यंत मूल तिचं! मुलगा पहिला आला तर बापाचं नाव राखलं, नापास झाला तर 'आई नोकरी करते ना' हे मग आलंच.

आमचा जिल्हा स्वतःला मातृतीर्थ म्हणवतो. सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला, दर 12 जानेवारीला तिथं माणसांचा पूर लोटतो, मीही जाते. भाषणांमध्ये जिजाऊ 'आदर्श माता' असतात. पुण्याच्या उजाड झालेल्या जहागिरीची घडी बसवणाऱ्या, न्यायनिवाडा करणाऱ्या, कारभार पाहणाऱ्या जिजाऊ त्या भाषणांत फारशा नसतात. म्हणजे त्याही कामावरच्या आई होत्या, पण त्यांचं काम पुसून आपण नुसती आई ठेवली. मातृतीर्थ म्हणवणाऱ्या जिल्ह्यात माझ्या ओळखीच्या एकाही मजूर बाईचं मूल पाळणाघरात जात नाही, याची लाज कुणाला वाटते?

याच बुलडाण्यात ताराबाई शिंदे राहत होत्या. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी होऊन काळं पाणी झालं. वर्तमानपत्रं साऱ्या स्त्रीजातीला बोल लावू लागली, तेव्हा 1882 साली ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. मूल दोघांचं, शिक्षा एकटीला, हा हिशेब त्यांनी मांडला. त्याला 140 वर्षं होऊन गेली. आज फाशी नाही, पण 'मुलाकडे दुर्लक्ष करते' हा खटला रोज चालतो. आरोपी एकच असते आणि दुसऱ्या पालकाला साक्षीलाही बोलावत नाहीत.

काही बाबतींत दरवाजा किलकिला झाला आहे, हेही सांगते. मार्च 2023 पासून एस.टी.त बाईला अर्ध तिकीट लागतं. तिच्यावर कुणी लेख लिहून नियोजन शिकवलं नाही, भाडं कमी केलं आणि बायका बाहेर पडल्या. सोय केली की सल्ला लागत नाही.

म्हणून, मैत्रिणींनो, आपण सल्ले घेणं बंद करू आणि मागणं सुरू करू. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून, आयांच्या कामाच्या वेळेत उघडं राहणारं पाळणाघर हवं. वेचणीच्या हंगामात सकाळी लवकर उघडणारं. ते चालवणाऱ्या बाईला मानधन नको, पगार हवा. पन्नासची अट गावाला लागू नाही, म्हणून गाव हेच एक कामाचं ठिकाण धरा आणि जबाबदारी पंचायतीवर टाका. बालसंगोपनाची रजा बापालाही द्या, बायको धडधाकट असताना द्या, आणि त्यानं ती घेतलीच पाहिजे अशी ठेवा. कपड्याबद्दल एवढंच म्हणा, की स्वच्छ असावा आणि कामाला सोयीचा असावा. सोयीचा कोणता हे घालणारीला ठरवू द्या. केरळ सरकारनं 2021 साली शिक्षिकांना साडीची सक्ती नाही असं स्पष्ट सांगितलं, तिथल्या शाळा काही बुडाल्या नाहीत.

आणि हे मुंबईत मोर्चा जाईपर्यंत थांबायला नको. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. ती घेतली नाही तर घ्यायला लावायची. त्या सभेत उठून विचारायचं, की या वर्षीचे दहा टक्के कशावर गेले? शिलाई मशीनच्या वाटपावर आणि हळदीकुंकवावर गेले असतील, तर पुढच्या वर्षी त्यातून एक खोली, दोन बाया, दहा झोळ्या आणि दुपारचं दूध मागायचं. पंच होऊन बसलेल्या बायांनो, हा ठराव तुमच्या हातात आहे. आरक्षणानं मिळालेल्या खुर्चीवर बसून आपण नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करायची, की पोरींना वर्गात परत आणायचं, हे एकदा ठरवा.

पुढच्या 8 मार्चला कुणी तुम्हाला हिरकणी म्हणून साडी द्यायला आलं, तर साडी नेसायची असेल तर घ्या. पण तिथंच, माईकसमोर, त्या चौथीतल्या पोरीचा प्रश्न विचारा: बाळापाशी घरी कोण आहे? आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका.

— एक शिक्षिका, देऊळघाट, जि. बुलडाणा